फितूर साक्षीदार

श्रावण लागला की प्रतापरावांच्या विभागात रक्त यायचं बंद होई. जामबागेतल्या त्या खासगी कॉलेजात फॉरेन्सिक सायन्सचं एम.एस्सी. चालायचं. सरावाला लागणारं बकऱ्याचं रक्त एरवी यादगिरी, म्हणजे लॅबचा शिपाई, खाटकाकडून बरणीत भरून आणायचा. पण विभागप्रमुख प्रतापराव पुण्याचे, सोवळ्यातले. श्रावणात लॅबमध्ये रक्त चालणार नाही, असा त्यांचा तोंडी हुकूम होता. खोटा खून चालायचा, खोटं प्रेत चालायचं, खोटा आरोपी चालायचा. रक्त तेवढं नको. मग यादगिरी कुंकू पाण्यात कालवायचा, त्यात जरा डिंक घालायचा आणि पांढऱ्या चादरीवर शिंतोडे उडवायचा. उत्तरसूचीत मात्र 'डाग रक्ताचे' असंच राहायचं. ती सूची आषाढात छापलेली असायची, तिला श्रावण माहीत नव्हता.

इतकी वर्षं हे खपलं, कारण कोणी चाचणी नीट केलीच नव्हती. लाल दिसलं, लाल लिहिलं, मार्क घेतले, चहा प्यायला.

यंदा त्याच चादरीवर बरंच काही लटकलं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलनंतर अभिरूप न्यायालय भरायचं. पोरं तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहायची, लॉ कॉलेजची पोरं वकील व्हायची आणि बाहेरून परीक्षक म्हणून अनसूया मॅडम यायच्या. शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत त्या प्रशिक्षणाच्या प्रमुख होत्या, आणि पिंजऱ्यात जो टिकेल त्याला तिथे शिकाऊ म्हणून घेऊन जायच्या. दरवर्षी एकच जागा. ह्या कॉलेजातून लॅबमध्ये जायचा तेवढाच रस्ता. बाकीच्यांनी दोन वर्षं बोटांचे ठसे आणि गोळ्यांचे मार्ग शिकून मेडिकल कोडिंग धरायचं. मागच्या बॅचमध्ये पहिली आलेली मुलगी आज हायटेक सिटीत एसीत बसून अमेरिकेतल्या लोकांच्या मूळव्याधीला नंबर देते.

यंदाच्या बॅचमधल्या त्रिवेणीला ती जागा हवी होती. गोड बोलून मागायची तिची पद्धत नव्हती, पण हवी होती. झोपेतसुद्धा हवी होती.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तिने चादरीवरचा डाग ओल्या बोळ्यावर उचलला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला. नियम सोपा आहे. आधी हा थेंब, मग थांबायचं. बोळा तसाच राहिला तर पेरॉक्साइड टाकायचं, आणि तेव्हा गुलाबी झाला तर रक्त असू शकतं. पेरॉक्साइडच्या आधीच रंग आला, तर चाचणी बाद. रक्त म्हणायचं नाही.

तिचा बोळा पहिल्याच थेंबाला लालबुंद झाला.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिने त्या लालावर आम्लाचा थेंब सोडला, तर लाल होतं ते पिवळं झालं. हळद. कुंकू म्हणजे चुना खाल्लेली हळद, हे कळायला तिला एम.एस्सी. लागत नव्हतं, बापाचं, अंबाजीचं, बेगम बाजारात पूजेच्या सामानाचं दुकान होतं. पण तिने अहवालात कुंकवाचं नाव काढलं नाही. तिने लिहिलं: रंग अभिक्रियेआधीच आला, डाग रक्ताचा आहे असं म्हणता येत नाही.

शेजारच्या ओट्यावर कौस्तुभ दोन्ही थेंब एकामागोमाग टाकून मोकळा झाला होता. कौस्तुभ पुण्याचा. वडील गच्चीबावलीत आयटीमध्ये, पोरगा इंग्रजीत फर्डा. बॅचमध्ये त्या जागेवर दुसरा दावा होता तो त्याचाच.

"काय गं, दोन-दोनदा काय करतेस?"

"आधीच लाल येऊ लागलं."

"लाल आलं ना? मग लिही पॉझिटिव्ह. लाइट घे."

"आधी आलं म्हटलं मी. पेरॉक्साइडच्या आधी."

"आधी येऊ दे नाहीतर मागून येऊ दे. चादर बघ ना, खून झालाय ढळढळीत." त्याने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "त्रिवेणीच्या चादरीवर चमत्कार झालाय रे. नारळ आणा."

सगळे हसले. तिने लिहिलेलं खोडलं नाही.

दुपारी केबिनमधून बोलावणं आलं. प्रतापरावांच्या टेबलावर तिचा अहवाल होता, शेजारी पितळी शिक्का आणि लाखेची कांडी. पाकिटं सीलबंद करायचा तो शिक्का ते कोणाच्या हाती द्यायचे नाहीत.

"हे काय लिहिलंयस?"

"जे दिसलं ते, सर."

"सगळ्या वर्गाला रक्त दिसलं."

"सगळ्या वर्गानं दोन्ही थेंब एकदम टाकले."

प्रतापरावांनी चष्मा काढला. "हे बघ त्रिवेणी, ती प्रतिकृती आहे. शिकवण्यासाठी केलेली. नाटकात तलवार पत्र्याची असते, म्हणून कोणी उठून ओरडत नाही."

"मग पाकिटावर लिहा ना, पत्र्याची म्हणून. पाकिटावर 'रक्तसदृश डाग, तपासून मत द्यावे' असं आहे. मी तपासलं, मत दिलं."

"मला शिकवतेस?"

"नाही सर. तुम्हीच शिकवलेलं आहे. पहिल्या सेमिस्टरला."

मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्रिवेणीला तो मऊपणाच जास्त वाईट वाटला. "तुमच्याकडच्या मुली इथवर येतात हेच खूप आहे. उगाच तोंड वाजवून वाया नको घालवूस. उद्या अनसूया मॅडम येणार. त्या मला एक नाव विचारतात. दरवर्षी विचारतात. हा कागद घे, नवा लिही."

"तुमच्याकडच्या म्हणजे कुठल्या, सर?"

"जा आता."

कागद तिने उचलला नाही. तो तिथेच राहिला.

नल्लकुंट्याच्या घरी अंबाजी जेवत होता. आजा परभणीकडून निजामाच्या काळात इकडे आलेला, तेव्हापासून घरात मराठी होती, पण तिच्यात निम्मा बाजार मिसळला होता. त्रिवेणीने झालं ते सांगितलं.

"मंग म्हण की रक्त," अंबाजी म्हणाला. "तुझ्या बापाचं काय जातंय? गिऱ्हाईक मला इचारतंय, हे केशर असली आहे का. मी म्हणतो हौ, असली. दुकान चालू लागलं ना?"

"आबा, तुमच्या केशरानं कोणी फाशी जात नाही."

"आन् तुझ्या चादरीनं कोण जाऊ लागलं? खोटा खून, खोटी कचेरी. कामून माथेफोड करू लागलीस?"

"आज खोट्या कचेरीत थापा मारायची सवय लागली तर खऱ्या कचेरीत कोण मला थांबवणार? मारू लागेन की तिथेही."

अंबाजीने ताट सरकवलं. "जागा गेली तर माझ्याकडं रडत येऊ नक्को. म्या सांगितलं नव्हतं, असं नक्को म्हणू."

"नाही येणार."

दुसऱ्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये कचेरी मांडली. अनसूया मॅडम न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्या. पन्नाशी उलटलेली बाई, सुती साडी, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती. मुद्देमालाची चादर जाड कागदी पाकिटात लाखेनं बंद होती. मॅडमनी पाकीट हातात घेतलं, लाख तपासली आणि तिच्या बाजूला, पाकिटाच्या तोंडावर, स्वतःची सही केली. मग म्हणाल्या, चला.

कौस्तुभ पिंजऱ्यात शोभून दिसला. टाय, सावकाश इंग्रजी, योग्य जागी थांबणं. डाग रक्ताचे आहेत का? होय, माझ्या मते आहेत. खात्री? पुरेशी. प्रतापराव पहिल्या रांगेत मान हलवत होते. त्याच्यामागून जो आला त्याने तेच म्हटलं, पुढच्यानेही तेच.

मग त्रिवेणी. सरकारी वकील झालेला रितेश नावाचा लॉचा पोरगा होता. त्याने सरावाच्या आवाजात विचारलं, "चादरीवरचे डाग रक्ताचे होते, हे खरं आहे?"

"तसं म्हणता येत नाही."

रितेश कागदात बघू लागला. कागदात हे उत्तर नव्हतं. "प्रश्न पुन्हा विचारतो."

"पुन्हा विचारा. उत्तर तेच आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. रितेशने प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी भुवई जराशी उचलली. पोरगा हुशार होता, कळलं त्याला. "मिलॉर्ड, साक्षीदार फितूर झाली आहे. तिला फितूर घोषित करून उलटतपासणीची परवानगी द्यावी."

"दिली," अनसूया मॅडम म्हणाल्या.

आणि मग रितेशला चेव चढला. आपल्याच साक्षीदाराला फाडायची संधी लॉच्या पोराला रोज कुठे मिळते.

"तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना रक्त आढळलं. तुम्ही सगळ्यांपेक्षा हुशार?"

"नाही. मी थांबले. ते थांबले नाहीत."

"तुमचे वडील काय करतात?"

"दुकान आहे."

"कशाचं?"

"पूजेच्या सामानाचं. बेगम बाजारात."

"म्हणजे कुंकू विकतात."

"विकतात."

"मग असं तर नाही, की कुंकवाच्या दुकानात वाढलेल्या मुलीला जिथे तिथे कुंकूच दिसतं?"

हॉल खदखदून हसला. कौस्तुभ सगळ्यात जोरात. त्रिवेणीने हसणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"कुंकू हा शब्द मी अहवालात लिहिलेला नाही," ती म्हणाली. "आत्ताही म्हटलेला नाही. तुम्ही म्हटलात. तुम्हाला कोणी सांगितलं?"

रितेशची नजर प्रतापरावांकडे गेली. पहिल्या रांगेत प्रतापराव खुर्चीत सावरून बसले.

अनसूया मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर ही चादर मी इथेच, सगळ्यांसमोर तपासेन. पाकीट टेबलावर राहू दे."

जेवायला त्रिवेणीजवळ कोणी बसलं नाही. डबा घेऊन ती मागच्या जिन्यावर गेली आणि एकटीच जेवली. भाजीची चव तिला कळली नाही. जागा अजून गेली नव्हती. मॅडम तपासणार होत्या. पहिल्याच थेंबाला रंग आला की झालं, मग भुवया उचलणाऱ्यांनी बसावं भुवया धरून. तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

सुट्टीनंतर मॅडमनी पाकीट उचललं. ते डोळ्यांजवळ नेलं, दिव्याखाली तिरकं धरलं.

"सकाळी मी सही लाखेच्या बाजूला केली होती," त्या म्हणाल्या. "आता माझी अर्धी सही लाखेच्या खाली आहे. हे कसं झालं?"

त्यांनी पाकीट हॉलकडे वळवलं.

"पाकीट उघडून पुन्हा बंद केलंय. कोणी?"

प्रतापराव उठले. "मॅडम, जेवायला सगळे एकत्र होते. फक्त एक विद्यार्थिनी नव्हती." त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी तर म्हणतच होतो," कौस्तुभ म्हणाला. "आपलं खरं करायला काहीही करेल ती."

त्रिवेणी जागची उठली. "मी जिन्यावर होते."

"कोणी पाहिलं?"

"कोणी बरोबर बसलं असतं तर पाहिलं असतं."

"म्हणजे कोणी नाही," प्रतापराव म्हणाले. "मॅडम, पुराव्याशी छेडछाड म्हणजे निलंबनाची बाब आहे. ह्या मुलीचं काल माझ्याशीही..."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पाकीट फोडून चादर पसरली. जुन्या लालसर डागांवर आता तीन-चार थेंब वेगळे होते, काळपट, मधोमध अजून ओलसर. मॅडमनी आधी जुना डाग बोळ्यावर घेतला. पहिला थेंब टाकला. बोळा लाल झाला. पेरॉक्साइडच्या बाटलीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. बोळा उचलून हॉलला दाखवला आणि खाली ठेवला.

"हे रक्त म्हणून चालणार नाही. मुलगी बरोबर होती. आता हे." त्यांनी ओल्या थेंबाकडे बोट केलं. "हे सकाळी नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, पाकीट बंद होतं. पण सुकलंसुद्धा नाही, म्हणजे तासाभरातलं आहे. आणि हे रक्त असेल असं मला वाटतं. मुलीचं म्हणणं खोटं पाडायला टाकलेलं रक्त. मग ते मुलगीच कशी टाकेल, हा प्रश्न मी कोणाला विचारत नाही, इथे कोणाला उत्तर येईलसं वाटत नाही."

त्यांनी पिशवीतून स्वॅबच्या नळ्यांचा गठ्ठा काढला. "माझ्या लॅबमध्ये डीएनए होतो. सगळ्यांनी गालाच्या आतला नमुना द्या. ज्याची इच्छा नसेल त्याने तसं इथे उभं राहून सांगायचं."

त्रिवेणी पुढे गेली आणि तोंड उघडलं. मॅडमनी बोळा फिरवला, नळीत घातला, वर नाव लिहिलं.

"मॅडम, हे अति होतंय," प्रतापराव म्हणाले. "मुलांच्या संमतीचा प्रश्न आहे. आईवडील काय म्हणतील."

"संमतीच मागते आहे. पहिले तुम्ही द्या, मुलांची भीती जाईल."

प्रतापराव जागचे उठले नाहीत. मागची मुलं एकेक पुढे सरकली. रांगेत एक जागा रिकामी राहिली. कौस्तुभ खिडकीपाशी होता, डावा हात पँटच्या खिशात.

"तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"आय नीड टु स्पीक टु माय फादर."

"बोला. फोन त्याच हातात धरा, खिशातल्या."

हात बाहेर आला. अंगठ्याशेजारच्या बोटाला चिकटपट्टी होती. रक्तगट तपासायच्या प्रॅक्टिकलची सुई लॅबच्या कपाटात कोणालाही मिळायची. पण बुद्धी बघा. दोन वर्षं फॉरेन्सिक शिकलेला गडी कुंकवाच्या डागावर स्वतःचं रक्त टाकून आला. खालचं कुंकू तसंच राहिलं, आणि वर स्वतःचा पत्ता लिहून ठेवला.

"सर म्हणाले, काहीतरी कर," कौस्तुभ म्हणाला. इंग्रजी गेलं होतं, आता निव्वळ मराठी होती. "सर म्हणाले, कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मी असं काहीही म्हणालेलो नाही," प्रतापराव म्हणाले.

"मग शिक्का कोणी दिला, सर? तुमच्याच खणातून दिलात ना?"

ह्यावर प्रतापरावांनी चष्मा पुसायला घेतला. तो त्यांनी बराच वेळ पुसला.

मॅडमनी प्रॅक्टिकल रद्द केलं. विद्यापीठाला कळवणार, परीक्षा पुन्हा होईल, खऱ्या रक्तावर, श्रावण असो की नसो. नळ्या त्यांनी पिशवीत भरल्या आणि निघाल्या. त्रिवेणी पायऱ्यांवर त्यांना गाठून म्हणाली, "मॅडम, जागेचं?"

"ह्या वर्षी इथून कोणाला घेत नाही."

"मी बरोबर होते."

"होतीस. चूडम्मा, बघ बाई, ऐक. उद्या खऱ्या कोर्टात बचावाचा वकील तुला पहिला प्रश्न काय विचारेल? कुठे शिकलीस. तू ह्या कॉलेजचं नाव सांगशील. मग तो आजची गोष्ट बाहेर काढेल. तुझं मत कितीही बरोबर असू दे, तो म्हणेल ही त्याच घाणीतून आलेली. माझ्या लॅबला हे परवडत नाही."

त्रिवेणीने मान खाली घातली नाही. घालायला हवी होती असं नंतर वर्गातल्यांनी सांगितलं. बाई शांतपणे बोलत होत्या, हिने तमाशा केला.

"तुम्ही इथे किती वर्षं परीक्षक आहात, मॅडम?"

"का?"

"दरवर्षी परीक्षा श्रावणातच असते. दरवर्षी चादर अशीच असते. तुम्ही आजवर एकदाही तपासली नाहीत. ज्यांना इथून उचलून नेलंत, ते सगळे कुंकवाला रक्त म्हणूनच पास झाले. ते आज तुमच्या लॅबमध्ये बसून खऱ्या खटल्यांत मत देतायत. त्यांना वकिलानं विचारलं तर चालतं, मला विचारलं तर परवडत नाही?"

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष पहिल्यांदा हलली. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडून धरलं होतं. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि काच वर केली.

गेटजवळ पोरं घोळका करून उभी होती. कोणीतरी म्हणालं, गेली जागा, सगळ्यांचीच घालवली हिनं. दुसरं कोणी म्हणालं, हिला काय, बाप बसलाय कुंकू विकायला. कौस्तुभ बाइकवर बसला होता, किल्ली लावली होती, पण गाडी सुरू केली नव्हती.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "तुलाही नाही, मलाही नाही. आता बसू दोघं कोडिंग करत."

"तू बस," त्रिवेणी म्हणाली. "मी पुन्हा परीक्षा देणार. आणि तोपर्यंत त्या बाईच्या लॅबनं आजवर दिलेल्या मतांची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते का, ते बघणार. खासगी असली म्हणून काय, पोलिसांची कामं घेते ना."

"वेडी आहेस तू. तुला कोणी कुठे ठेवणार नाही."

"हौ," ती म्हणाली. "बोटाला धनुर्वाताचं इंजेक्शन घे. ती सुई कोणी उकळत नाही. तेसुद्धा मी दोन वर्षं सांगत होते."

घोळक्याने वाट दिली नाही. ती मधूनच गेली, खांद्यांना खांदे लावत, आणि रस्ता ओलांडून कोटीच्या बसस्टॉपकडे चालू लागली.